आधी गाडीखाली झोपा, पार्ट मग आणा : वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

प्रश्न : काका नमस्कार, वडिलांची १९९४ची महिंद्रा एमएम ५४० जीप आहे, फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी). ५०-५५ च्या स्पीडला पुढचं चाक एखाद्या खड्ड्यात गेलं की स्टिअरिंग असं थरथरतं की हातातून सुटतं की काय वाटतं, ब्रेक मारून २० वर आणल्याशिवाय थांबत नाही. मेकॅनिकने नवीन स्टिअरिंग डॅम्पर लावला, तीन आठवडे मस्त चालली, आता परत तेच. आता तो म्हणतो टाय रॉड एन्ड चारही बदलू. बदलू का?
– एक वाचक, राजेंद्र नगर, इंदूर

भाऊ, थांबा जरा. डॅम्पर, म्हणजे स्टिअरिंगचे झटके शोषणारा शॉकअप, ही तापावरची गोळी आहे, ताप कशाने आला ते ती सांगत नाही. तीन आठवडे बरं वाटलं ते त्यामुळेच. आणि टाय रॉड एन्ड (स्टिअरिंगचे दांडे चाकांना जोडणारे सांधे) गेलेही असतील, पण न बघता चारही बदलायचे म्हणजे दाढ दुखते म्हणून सगळी बत्तिशी काढून घेण्यासारखं आहे.

रविवारी सकाळी पोहे-जिलेबी झाली की घरातलं एक माणूस मदतीला घ्या आणि हे करा. सपाट जागा, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे, पुढचा एक्सल जॅकवर उचलून खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावायची, विटांवर गाडी ठेवायची नाही, वीट अचानक फुटते आणि फुटायच्या आधी काही सांगत नाही. आणि हॅन्डब्रेकवर भरवसा ठेवू नका. बऱ्याच जुन्या जीपांना हॅन्डब्रेक चाकावर नसतो, ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागे प्रोपेलर शाफ्टवर, म्हणजे मागच्या एक्सलला ताकद नेणाऱ्या लांब दांड्यावर, असतो, अशा गाडीचं मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) ते हवेतलं चाक मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं चाक गाडीला घेऊन चालू लागतं, हॅन्डब्रेक ओढलेला असूनसुद्धा. मी हे एकदा उताराच्या गल्लीत बघितलंय, नशीब समोर फक्त तुळशीची कुंडी होती.

आता चाक घड्याळ समजा. १२ वर एक हात, ६ वर एक हात, आणि आत-बाहेर जोरात हलवा. खट खट आवाज येऊन चाक हललं तर दोन शक्यता, व्हील बेअरिंग ढिलं किंवा किंगपिन (चाक डावी-उजवी ज्यावर वळतं ती खुंटी) ढिली. कुठली ते कळायला घरच्या माणसाला सांगा, ब्रेक दाबून धर. ब्रेक दाबल्यावर ड्रम आणि एक्सलचं टोक एक होतात, म्हणजे खटखट गायब झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर किंगपिन. एवढं समजायला एक रुपया लागत नाही, आणि गॅरेजात हीच टेस्ट न करता लोक पाच-सहा हजार घालवून येतात.

मग ३ आणि ९ वर हात धरून डावी-उजवी हलवा आणि त्या वेळी दुसऱ्याने टाय रॉडच्या जोडावर बोट ठेवायचं. डोळ्याला दिसत नाही तो प्ले, म्हणजे ढिलेपणा, बोटाला कळतो. ज्या जोडात टुक टुक लागतं तोच बदला.

दोष बेअरिंगचा निघाला तर ते बहुतेक वेळा फक्त ढिलं असतं, बाद नसतं. आतला नट, मग लॉक वॉशर, मग बाहेरचा नट अशी रचना असते. चाक फिरवत फिरवत आतला नट आवळायचा, मग थोडा मागे घ्यायचा, चाक मोकळं फिरलं पाहिजे पण हललं नाही पाहिजे. नट छिन्नी-हातोड्याने फिरवू नका, मोठा बॉक्स पाना सियागंजच्या बाजारात मिळतो. दोष किंगपिनचा निघाला तर कॅपखालच्या पातळ पत्र्याच्या शिम कमी करून ती घट्ट होते, पण खालचं बेअरिंग खड्डे पडलेलं असेल तर शिम काढून काही होत नाही, बदलावंच लागतं.

हे सगळं ठीक निघालं तर कमानीचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) यू बोल्ट आणि शॅकलचे, म्हणजे कमान टांगणाऱ्या कडीचे, बुश बघा, मग चाकांचं बॅलन्सिंग, आणि शेवटी टो-इन, म्हणजे पुढची चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं. ते घरी टेपनेसुद्धा जमतं, दोन्ही टायरच्या मधल्या रेषेवर खडूची खूण करायची, एक्सलच्या उंचीला पुढून मोजायचं, गाडी ढकलून खूण मागे आणायची, परत मोजायचं. पुढचं माप मागच्यापेक्षा अगदी थोडं, एक-दोन मिलिमीटर, कमी पाहिजे. आणि डॅम्पर काढून फेकू नका, तो चांगला आहे, फक्त त्याच्या मागे आजार लपवू नका.

प्रश्न : काका, आमचं शेत सिमरोलच्या पुढे आहे. पावसात पिकअप काळ्या मातीत फसला म्हणून फोर बाय फोर टाकला, निघाला. तसाच डांबरी रोडवरून घरी आणला, आता लिव्हर टू-व्हीलमध्ये येतच नाही. मेकॅनिक म्हणतो ट्रान्सफर केस खोलावी लागेल. गाडी वळताना अडकल्यासारखीही चालून राहिली आहे.
– एक ताई, लोकमान्य नगर

ताई, काही खोलू नका. तुमच्या गाडीत पुढच्या आणि मागच्या एक्सलच्या मध्ये डिफरन्शियल नाही, फोर बाय फोर टाकला की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. वळणावर मात्र पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. माळव्याच्या चिखलात चाक थोडं घसरून तो हिशोब जुळवून घेतं, डांबरावर घसरायला जागाच नाही, मग सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरमध्ये साठत जातो आणि लिव्हर त्या पिळात अडकतं.

उपाय सोपा. मोकळ्या जागेत गाडी सरळ रिव्हर्समध्ये दहा-पंधरा फूट घ्या आणि लिव्हरवर हलका हात ठेवा, ते स्वतःहून सुटेल. नाही सुटलं तर पुढचं एक चाक जॅकवर उचला, पण आधी बाकीच्या चाकांना ठोकळे लावा आणि उचलताना हात-पाय त्या चाकापासून लांब ठेवा, कधी कधी ते उचलता उचलता झटक्याने फिरतं. तो पीळ मोकळा होताना दिसतो. आणि चारही टायर एकाच साइजचे आहेत का बघा, मागे नवे, पुढे घासलेले असं असेल तर सरळ रस्त्यावरसुद्धा पीळ भरतो.

प्रश्न : चोरलच्या बाजूला पाण्यातून गाडी काढली. आता मागच्या डिफरन्शियलचं ऑइल पिवळट पांढरं, घट्ट झालंय. सील गेली का?
– एक वाचक, रामबाग

म्हणजे सराफ्यातल्या दुधाच्या घट्ट शिकंजीसारखं ना? त्यात पाणी गेलंय. सील गेली असेलच असं नाही. चालून गरम झालेला एक्सल थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि एक्सल बाहेरची हवा आत ओढतो. हवा यायची जागा म्हणजे वर असलेला छोटा ब्रीदर, तो चिखलाने बंद असेल तर एक्सल सीलमधून पाणीच ओढून घेतो. ब्रीदर काढून डिझेलमध्ये धुवा, फुंकून बघा, आणि जमलं तर त्याला रबरी नळी जोडून चॅसिसच्या वरपर्यंत न्या. ऑइल बदला, थोडं चालवा, परत पांढरं झालं तर परत बदला. त्यानंतरही होत राहिलं तर मग सील.

फक्त एक लक्षात ठेवा, आधी वरचा, भरायचा प्लग खोला, मग खालचा. मी एकदा उलटं केलं होतं. सगळं ऑइल कढईत उतरवलं आणि वरचा प्लग गंजून घट्ट, पाना फिरून त्याचे कोपरेच गेले. वेल्डिंगवाला येईपर्यंत गाडी चार दिवस दारात कोरडी उभी, आणि बायको रोज विचारायची, आज भाजी रिक्षाने आणू की तुमच्या रणगाड्याने. हो, आणि एक्सलचं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका, डब्यावर जीएल-४ आहे की जीएल-५ (हे गिअर ऑइलचे प्रकार) ते वाचा, गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना काही जीएल-५ ऑइल सोसत नाहीत.

प्रश्न : प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (टोकाचा फिरता सांधा) घरी बदलतोय, एका बाजूची क्लिप बसतच नाही. कप ठोकून आत घालू का?
– एक वाचक, सुदामा नगर

ठोकू नका!! कपात बारीक सुया असतात, त्यातली एक घसरून तळाशी आडवी पडलीय. कप बाहेर काढा, सुया ग्रीस लावून परत उभ्या चिकटवा, हाताच्या जोराने सरकवा. आणि शाफ्ट दोन भागांत वेगळा केला असेल तर जोडताना दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुफाटे, एका रेषेत पाहिजेत, नाहीतर नव्या क्रॉसवरही गाडी थरथरत राहील. काढायच्या आधी खूण करायला पाहिजे होती, आता काय बोलणार.

प्रश्न : डिझेल फिल्टर स्वतः बदलला, आता गाडी स्टार्टच होत नाही, सेल्फ मारून बॅटरी उतरली.
– एक वाचक, स्नेहलतागंज

लाइनने एअर पकडली. फिल्टरच्या वरचा एअर स्क्रू दोन आटे ढिला करा, खाली कढई ठेवा, हात पंप मारत राहा, आधी बुडबुडे आणि फेस येईल, मग सलग डिझेल. आलं की पंप मारता मारताच स्क्रू घट्ट करा. पंप कडक लागला म्हणजे झालं. मग बॅटरी चार्ज करून सेल्फ मारा, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नको, मध्ये थांबा. आणि कढईत पडलेलं डिझेल परत टाकीत ओतू नका, जॅक चिखलाने भरला असेल तर धुवायला ते चालेल.