वडिलांचं डायलिसिस सुरू झालंय, घरी नेमकं काय सांभाळायचं?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं नुकतंच डायलिसिस सुरू झालंय, सोमवार-बुधवार-शुक्रवार सिन्नरहून नाशिकला आणता, हातात फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचता याव्यात म्हणून धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात तो) केलाय पण सध्या मानेतल्या लाईनवर, म्हणजे शिरेत घातलेल्या नळीवर, काम चाललंय, लघवी अजून थोडी होते, आणि काय द्यायचं काय नाही या विचाराने आई पार घाबरून गेलीये. मी नाशिकलाच डायलिसिस युनिटला सिस्टर आहे. औषधांचे डोस तुमचे डॉक्टरच सांगतील, मी बेडशेजारी उभं राहून रोज जे बघते ते सांगते.

सगळ्यात आधी शनिवार-रविवार सांभाळा. बाकी आठवड्यात एक दिवस आड मशीन असतं, पण शुक्रवारी मशीन सुटलं की थेट सोमवार. त्यामुळे सोमवार सकाळची शिफ्ट आमच्याकडे सगळ्यात जड जाते, चेहरा सुजलेला, आडवं झालं की धाप लागते, वजन चार-पाच किलोने वाढलेलं असे पेशंट येतात, आणि एवढं पाणी चार तासात ओढायला गेलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात, उलटी होते, मग घरचे म्हणतात यांना डायलिसिस सोसतच नाही. डायलिसिस सोसतं हो, दोन दिवसांचं साचलेलं पाणी एकदम काढणं सोसत नाही.

म्हणून एक डिजिटल वजनकाटा घ्या. रोज सकाळी संडास-लघवी झाली की साधारण तेवढ्याच कपड्यात वजन करायचं आणि वहीत लिहायचं. शरीरात जास्तीचं पाणी नसताना जे वजन असतं त्याला ड्राय वेट म्हणतात, ते युनिटमध्ये विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, इतका साधा हिशोब आहे. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढ दोन-अडीच किलोच्या आत ठेवा असं साधारण सांगतात, वडिलांचा आकडा डॉक्टरांकडून घ्या.

पाणी किती द्यायचं, तर आदल्या दिवशी जेवढी लघवी झाली तेवढं अधिक साधारण अर्धा लिटर. लघवी मोजायला मापाचा प्लास्टिकचा जार मेडिकलमध्ये मिळतो. आमच्या एका पेशंटच्या बायकोची पद्धत मला फार आवडते, ती सकाळी दिवसभराचं पाणी एका बाटलीत भरते, काका चहा प्यायले की तेवढं पाणी बाटलीतून काढून टाकते, ताक घेतलं की तेवढं काढते, वरण पातळ असलं तर त्याचंही काढते, म्हणजे अजून किती उरलंय ते काकांना समोर दिसतं आणि भांडण होत नाही. गोळ्यांबरोबरचं पाणीसुद्धा त्यातलंच. घसा फारच कोरडा पडला तर बर्फाचा छोटा खडा चघळायला द्या, नुसती चूळ भरली तरी बरं वाटतं.

पण तहान मुळात मिठाने लागते. रविवारची मिसळ नाशिकच्या माणसाला सोडवत नाही हे मला माहितीये, तरी रस्सा, फरसाण आणि पापड या तिन्हीत मीठ ठासून असतं, वर रस्सा म्हणजे पाणीच. लोणचं, चिवडा, वेफर्स पण तसंच. आणि हे नीट लक्षात ठेवा, दुकानात लो सोडियम मीठ मिळतं ते अजिबात आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. सैंधव पण चालत नाही, ते शेवटी मीठच आहे.

पोटॅशियमला मी सगळ्यात जास्त घाबरते, कारण ते सुजेसारखं दिसत नाही, वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि थेट जिवावर बेततं. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं नाहीतर मोसंबी घेऊन येतो, प्रेमाने आणतात, पण पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. दुसरं म्हणजे उपवास. एकादशीला बटाटा, रताळं, दाण्याचा कूट, खजूर, केळं असं दिवसभर चालतं, हे सगळंच पोटॅशियमचं. उपवास सोडवतच नसेल तर साधी भगर करा, कूट नावालाच घाला. बटाटा किंवा इतर भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं, बरंचसं पोटॅशियम त्यात निघून जातं. द्राक्षं रिपोर्ट बरा असेल तर पाच-दहा चालतात, शुगर असेल तर विचारून, बेदाणे मात्र नकोत. पाय एकदम गळून गेले, छातीत धडधड व्हायला लागली किंवा आडवं झोपताच येईना तर सोमवारची वाट बघू नका, रात्र असली तरी सरळ इमर्जन्सीला न्या.

अंडी, पनीर, चिकन बंद केलं असेल तर डॉक्टरांना विचारून परत सुरू करा. डायलिसिसच्या आधी प्रोटीन कमी करायला सांगतात आणि घरचे तेच पुढे चालू ठेवतात, पण डायलिसिसमध्ये प्रोटीन निघून जातं त्यामुळे आता उलट जास्त लागतं. नुसत्या भात-भाजीवर माणूस खंगतो.

मानेतली लाईन भिजू द्यायची नाही, मानेखालूनच अंघोळ घाला. ड्रेसिंग ओलं झालं तर युनिटला येऊन बदलून घ्या, आणि त्या लाईनमधून गावातल्या कुणालाही सलाईन लावू देऊ नका. हुडहुडी भरून ताप आला तर क्रोसिन देऊन घरी थांबू नका, लाईनचं इन्फेक्शन थेट रक्तात जातं.

फिस्टुला तयार व्हायला साधारण सहा-आठ आठवडे लागतात. त्या हाताला बीपी नाही, सुई नाही, घट्ट घड्याळ नाही, उशाला घेऊन झोपणं नाही. डॉक्टरांनी सांगितलं असेल तेव्हापासून रबरी बॉल दाबायचा. रोज सकाळ-संध्याकाळ त्यावर बोटं ठेवून बघायचं, मोबाईल व्हायब्रेट होतो तशी थरथर लागली पाहिजे. ती थांबली तर त्याच दिवशी फोन करून या, लवकर आलात तर फिस्टुला वाचू शकतो.

गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन अशा दुखण्याच्या गोळ्या आणू नका, त्यांनी उरलीसुरली किडनीही बिघडते. जी थोडी लघवी अजून होतेय ती फार मोलाची आहे, जितके दिवस टिकेल तितके दिवस पाण्याची थोडी मोकळीक राहते. कुणी सुचवलेले काढे, भस्मंही नकोत. हिपॅटायटिस बीची लस सुरू झालीये का तेवढं फाइलमध्ये बघा.

खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. तुमचं हॉस्पिटल योजनेत आहे का ते तिथे विचारा, असेल तर योजनेचा माणूस म्हणजे आरोग्यमित्र तिथेच भेटतो, नसेल तर शालिमारला संदर्भ सेवा रुग्णालयात किडनीचा विभाग आहे तिथे चौकशी करा.

आणि येत्या बुधवारी आईला सोबत आणा. सुरुवातीची गडबड संपली की ड्युटीवरच्या सिस्टरला सांगा, आईचा हात धरून फिस्टुलाची थरथर कशी बघायची ते दाखवा म्हणून. पाच मिनिटांचं काम आहे, कुठलीही सिस्टर आनंदाने दाखवेल.