ज्वारी नव्हे, जवारी. आणि तिची सोयरीक थेट वर्तुळाशी

नागपूरच्या महाल भागातल्या एका वाचकाने विचारलं आहे: "तंबोऱ्याची 'जवारी' म्हणायचं की 'ज्वारी'? धान्याशी तिचा काही संबंध आहे का? आणि गिटार-व्हायोलिनला ती का नसते?"

जवारी. जिवारीही चालेल, तेही रूप अजून ऐकू येतं. ज्वारी मात्र कदापि नाही. कार्यक्रमाच्या निवेदनात, क्लासच्या सूचनाफलकावर, वाद्याच्या पावतीवर सगळीकडे 'ज्वारी' वाचून वीट आला आहे. आपल्याकडे नागपुरात ही चूक जरा जास्त होते आणि तिचं कारण उघड आहे. विदर्भातल्या घरात धान्यालाच जवारी म्हणतात: जवारीची भाकर, जवारीचं कणीस. शाळेत गेलेल्या पोराला मास्तर सांगतात, "जवारी नाही रे, ज्वारी म्हण." तो धडा इतका पक्का बसतो की पुढे तंबोऱ्याची जवारी कानावर आली तरी हात आपोआप 'ज्वारी' लिहितो. शुद्ध करण्याच्या घाईत शुद्ध शब्दच मोडला. धान्याच्या शब्दाचं मूळ 'यव' म्हणजे सातू. वाद्याच्या शब्दाचं मूळ दुसरं, आणि ते फार देखणं आहे.

त्याआधी दुसरी चूक उरकतो. "जवारी तुटली" असं म्हणू नका. जवारी ही तुटणारी वस्तूच नाही. तुटतो तो तारेखालचा दोरा. भोपळ्यावरच्या तबलीवर, म्हणजे लाकडी झाकणावर, तारा टेकतात ती जी रुंद घोडी असते, तिच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत राहते आणि आवाजाला भुंग्याच्या गुंजनासारखी कड येते. त्या उताराला, त्या घासण्याला आणि त्यातून येणाऱ्या गुंजनाला मिळून जवारी म्हणायचं. कारागीर कानस चालवून तो उतार साधतो, ते 'जवारी काढणं'. गाणारा रोज तारेखाली दोरा सरकवतो, ते 'जवारी लावणं'. ही दोन वेगळी कामं आहेत, क्रियापदं अदलाबदल करू नयेत. घशात खरखर असलेल्या गायकाला 'जवारीदार आवाज' म्हणणं हाही तसाच अन्याय. जवारीदार म्हणजे भरलेला, मागे गुंजन ठेवणारा आवाज, फाटका नव्हे.

आता मूळ. नववीच्या भूमितीत वर्तुळावरचे दोन बिंदू जोडणाऱ्या रेषाखंडाला आपण काय म्हणतो? जीवा. हा शब्द कुठून आला? संस्कृतात ज्या आणि जीवा म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस म्हणजे वाकलेलं धनुष्य, त्याची दोन टोकं जोडणारी रेघ म्हणजे त्याची दोरी. इंग्रजीतला 'कॉर्ड'ही ग्रीक 'खोर्डे'पासून आला, आणि त्याचा अर्थ आतड्याची तार, वाद्याची तार. दोन्हीकडच्या गणितज्ञांना वर्तुळात ताणलेली तारच दिसली.

पुढचा प्रवास त्याहून गोड आहे. आर्यभटाने 499 साली या 'ज्या'चं कोष्टक दिलं. ही जीवा अरबीत 'जीबा' झाली. अरबीत तिला अर्थ नव्हता, म्हणून पुढच्या वाचकांनी ती अक्षरं 'जैब' अशी वाचली. जैब म्हणजे अंगरख्याच्या गळ्याचा घोळ, उराजवळची घडी. इतवारीच्या बाजारात भावतोल करताना आपण ज्यात हात घालतो ती हिंदी 'जेब' हीच. बाराव्या शतकात युरोपातल्या भाषांतरकारांनी जैबचं लॅटिन केलं 'सायनस', घडी या अर्थाने. त्याचा झाला साइन. म्हणजे दहावीचं पोरगं साइन थीटा लिहितं तेव्हा धनुष्याची दोरीच लिहीत असतं.

आणि हीच जीवा तंबोऱ्यात आहे. देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाला तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात एकतंत्री वीणेच्या घोडीवर, तार आणि पत्रिकेच्या (घोडीवरच्या धातूच्या पट्टीच्या) मधे, नाद खुलवण्यासाठी ठेवायची वेळूची पातळ काप सांगितली आहे. तिचं नाव जीवा. दक्षिणेत तंबुऱ्याच्या त्या दोऱ्याला जीवा, जीवाळी म्हणतात. (शार्ङ्ग हे विष्णूच्या धनुष्याचं नाव. धनुष्याचं नाव लाभलेल्या माणसाने जीवेची नोंद करून ठेवावी, हा योग मला फार आवडतो.)

मग शेवटचं '-आरी' कुठलं? इथे माझं मत सांगतो, आणि ते ठामपणे सांगतो. कुंभकाराचा कुंभार झाला, लोहकाराचा लोहार, सुवर्णकाराचा सोनार. प्राकृतात मधला 'क' गळतो आणि दोन स्वर एकमेकांत मिसळतात. नागपूरकरांना याचा दाखला शोधायला लांब जायला नको. गणपतीच्या दिवसांत गर्दीने फुलणारी आपली चितार ओळ आहे ना, तिथला चितार, चितारी म्हणजे चित्रकार. चित्रकार, चित्तआर, चितार, चितारी. हाच साचा जीवेला लावा: जीवाकार, जीवाआर, जिवार, जिवारी. जीवा घडवणारा तो जिवार, त्याचं कसब ती जिवारी. बोलताना पहिला इकार झडला आणि जवारी उरली. 'जीवाकार' हे रूप अनुमानाचं आहे, म्हणून भाषाशास्त्राच्या रिवाजाप्रमाणे मी त्यापुढे तारा काढतो. पण साचा अस्सल आहे. शिवाय या व्युत्पत्तीने 'जवारी काढणे' हा प्रयोगही उलगडतो. काढायचं ते कसबच असतं, वस्तू नव्हे. आपण कशिदा काढतो, नक्षी काढतो, तशी जवारी काढतो.

यावर दोन पक्ष उभे राहतात. पहिला म्हणतो, तारेत जीव ओतते म्हणून जीवारी. ऐकायला गोड आहे, पण '-आरी'चा हिशेब हा पक्ष देतच नाही आणि शब्दाच्या अर्ध्या भागावर भावनेचं पांघरूण घालून मोकळा होतो. अर्धा शब्द सोडवणं म्हणजे व्युत्पत्ती नव्हे. दुसरा पक्ष जव म्हणजे यव धरतो आणि दोऱ्याची जाडी जवाएवढी असं सांगतो. ज्याने तो दोरा एकदा तरी बोटात धरला आहे तो हे म्हणणार नाही. सातूच्या दाण्याएवढा जाड दोरा घोडीवर ठेवला तर तार उचलली जाईल आणि गुंजन पार मरेल. कोशात बसून वाद्यावर लिहिलं की असं होतं.

योगायोगाची एक गोष्ट मात्र मान्य करतो, म्हणजे कुणी तिच्यावर नवी व्युत्पत्ती रचणार नाही. मिरजेच्या तंबोऱ्यांना लागणारे मोठे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून येतात, आणि मंगळवेढा ज्वारीसाठी नावाजलेला. शेत एक असलं तरी शब्द दोन आहेत.

आता ही जवारी करते काय. साधी तार धारदार कडेवर टेकवली की तिची लांबी ठरलेली राहते. ती बरोबर मध्यावर छेडली तर मध्याशी स्थिर बिंदू असणारे दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर (मूळ स्वरासोबत उठणारे, त्याच्या पटीतले वरचे स्वर) उठायला नकोत. तंबोऱ्यात ते उठतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 च्या निबंधात हेच दाखवलं की तंबोरा आणि वीणेच्या तारा हा नियम पाळत नाहीत, आणि त्याचं कारण घोडीची वक्र पाठ आहे. तार वरखाली होताना उताराला टेकण्याची तिची जागा प्रत्येक कंपनात पुढेमागे सरकते, त्या टेकण्यातून ताकद खालच्या उपस्वरांतून वरच्या उपस्वरांत जाते. हे रामन 1910 च्या सुमारास सरकारी हिशेब खात्याच्या नोकरीत नागपुरात होते, हे नागपूरकरांनी लक्षात ठेवावं. शार्ङ्गदेवही यादवांच्या दरबारी जमाखर्चाच्याच कामावर होता. जीवेवर लिहिणारे दोघेही हिशेबनीस.

जवारी लावायची रीत अशी. आधी तारा ढोबळ स्वरात मिळवा: पंचम (रागात पंचम नसेल तर मध्यम), जोडीच्या दोन पोलादी तारा षड्जात, पितळी खर्ज खालच्या षड्जात. खुंटीने जवळ आणा आणि उरलेली कसर घोडीमागे तारेत ओवलेल्या मण्याने भरा. मणी घोडीपासून लंगोटाकडे, म्हणजे तारा बांधलेल्या खालच्या टोकाकडे, सरकवला की स्वर चढतो, उलट सरकवला की उतरतो. मग सुती किंवा रेशमी दोरा तारेखाली घाला. तार एका हाताने छेडत राहा आणि दुसऱ्या हाताने दोरा केसभर पुढेमागे सरकवा. दोरा आणि घोडीची दांडीकडची कड यांच्या मधल्या काही मिलिमीटरांत सगळा खेळ आहे. आवाज बोथट असतो, मग एकदम फुलतो, आणखी सरकवला की पुन्हा चपटा होतो. फुलला तिथे थांबा आणि स्वर पुन्हा तपासा, कारण दोरा सरकला की स्वरही किंचित हलतो. चारही तारांना एक जागा कधीच लागू पडत नाही, प्रत्येकीचा दोरा वेगळा बसवावा लागतो.

दोरा कुठेही नेला तरी तार फुलत नसेल तर दोष दोऱ्याचा नाही. बोटभर प्रकाश तिरपा पाडून घोडीची पाठ पाहा. तारेने तिथे बारीक चर पाडलेला दिसेल. उताराच्या जागी खाच आली की तार घासत नाही, नुसती अडते. अशी बसलेली जवारी पुन्हा काढावी लागते, आणि ते काम घरी काचपेपर घेऊन करू नका. कारागीर दोनचार हात कानस मारतो, तार बसवून ऐकतो, पुन्हा उतरवतो. एक हात जास्त पडला तर त्या जागी नवी घोडी लागते.

नागपुरात आणखी एक सांभाळावं. मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आक्रसतं आणि खुंट्या सुटतात. खुंटीच्या सांध्याला खडू घासला की धरतात. पण उकाड्यापासून वाचवायचं म्हणून तंबोरा कूलरच्या झोतासमोर ठेवणं हा त्याहून मोठा घात. ताट्यांतून येणारी दमट हवा दोरा ओला करते, खुंट्या फुगवते, तबलीला ओल लागते. सकाळी मिळवलेला तंबोरा तासाभरात बेसूर होतो आणि दोष बिचाऱ्या तारेला मिळतो.

गिटार-व्हायोलिनचा प्रश्न राहिलाच. त्यांची घोडी अरुंद आणि काठाला धारदार असते, तार तिथून स्वच्छ सुटते, घासायला पाठच नाही. सरोदच्या मुख्य तारांचंही तसंच. सतारीला जवारी असते, पण ती केवळ उतारावर चालते, दोरा लागत नाही. हार्मोनियमची पत्ती हवेने हलते आणि बासरीत हवेचा स्तंभच कंप पावतो; तिथे जवारीचा प्रश्नच नाही.

जवारी नीट लागली की नाही हे कानाने पडताळायची एक खूण आहे. काळी एकमध्ये (हार्मोनियमच्या पहिल्या काळ्या पट्टीत) मिळवलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला साधारण 69 कंपनं करतो. त्याचा पाचवा उपस्वर येतो 346 च्या आसपास, आणि तो दोन सप्तकं वरचा शुद्ध गंधार असतो. कुठल्याही तारेत गंधार मिळवलेला नसताना एकटा खर्ज छेडा आणि तार विझेपर्यंत ऐका. गंधार स्वच्छ उमटला तर दोरा तिथेच राहू द्या.