रोबोंना वाली कोण?

प्रश्न : आमच्या लेखा विभागात पुरवठादारांची बिलं नोंदवणं, बँकेच्या नोंदी जुळवणं अशा कामांसाठी सॉफ्टवेअर रोबो, म्हणजे माणसासारखे लॉगिन करून स्क्रीनवरचं काम करणारे प्रोग्राम, बसवले आहेत. ज्यांनी ते बनवले, त्यांतले बहुतेक जण नोकरी सोडून गेले. परवा कळलं की एक रोबो अशाच एका माजी सहकाऱ्याच्या लॉगिनवर चालतोय. आयटी म्हणतं, तो तुमचा. आम्ही म्हणतो, आयटीचा. आता नियमावली करायचं काम माझ्याकडे आलंय. सुरुवात कुठून करू? – एक वाचक

उत्तर : नियमावली थोडी थांबू शकते, ते लॉगिन थांबू शकत नाही. ते बंद झालं की रोबोही बंद पडेल, म्हणून तेवढे दिवस ती बिलं हाताने कोण नोंदवणार हे आधी ठरवा आणि लगेच बंद करून घ्या. मी बरीच वर्षं अंतर्गत लेखापरीक्षणात काढली आहेत. गेलेल्या माणसाच्या नावावर नोंदी पडत असतील, तर उद्या वाद झाल्यावर लॉगवर, म्हणजे कुणी काय केलं याच्या नोंदींवर, कुणीच विश्वास ठेवणार नाही. रोबोला स्वतःचं वेगळं लॉगिन द्या, पासवर्ड व्हॉल्टमध्ये, म्हणजे पासवर्ड सुरक्षित जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा आणि कामापुरतेच अधिकार द्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं. काम अडू नये म्हणून बनवणारा सरसकट सगळे अधिकार मागून घेतो. मग नवा पुरवठादार नोंदवणारा आणि त्याचं पेमेंट मंजूर करणारा रोबो एकच होतो. माणसांच्या बाबतीत आपण हे कधी चालवून घेतलं असतं का?

मग यादी करा. रोबो चालवणाऱ्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये रीतसर बसवलेले तेवढेच दिसतील. कुणी आपल्या संगणकावर स्वतःपुरते बनवलेले दिसणार नाहीत. ते लॉगिनच्या नोंदींत शोधा. मध्यरात्रीनंतर, एकसारख्या वेगाने, न थांबता नोंदी करणारा बहुधा माणूस नसतो.

तुमचा आणि आयटीचा वाद माझ्या मते असा सुटतो : सर्व्हर, परवानग्या, सॉफ्टवेअरची देखभाल आयटीची, रोबोने केलेल्या कामाची जबाबदारी तुमची. बिल चुकीचं नोंदलं गेलं तर ते तुमच्या खात्याचं बिल आहे. म्हणून प्रत्येक रोबोपुढे तुमच्या विभागातल्या एकाच व्यक्तीचं नाव हवं, शिवाय तिच्या रजेसाठी एक पर्यायी नाव. ‘लेखा टीम’ असं लिहू नका.

याबद्दल मी इतकी आग्रही का, तर नाइट कॅपिटल. अमेरिकेतली ही शेअर दलाली कंपनी. १ ऑगस्ट २०१२ रोजी तिच्या स्वयंचलित प्रणालीने सुमारे ४५ मिनिटं भलत्याच ऑर्डरी बाजारात सोडल्या आणि ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला होता आणि तिथे २००३पासून वापरात नसलेला जुना कोड जागा झाला. तो प्रकार तुमच्याकडे आहेत तशा रोबोंचा नव्हता, पण मला खरी बोचते ती पुढची गोष्ट. बाजार उघडण्याआधीच प्रणालीने चूक दाखवणारे ९७ ईमेल कंपनीतल्या एका गटाला पाठवले होते. ते धोक्याचा इशारा म्हणून बनवलेलेच नव्हते आणि आल्यावर सहसा कुणी पाहतही नसे. गटाला गेलेला मेल वाचण्याची जबाबदारी कुणा एकाची नसते. तुमच्या रोबोचे ‘जमलं नाही’ असे निरोप आज कुणाच्या इनबॉक्समध्ये जातात, हे तपासाच.

रोबो बंद पडला तर निदान कळतं. स्क्रीनवरचा एखादा रकाना इकडचा तिकडे झाला आणि त्याने कराची रक्कम सवलतीच्या जागी भरली, तर महिनाअखेरीपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून कुठल्याही प्रणालीचा अपडेट येण्याआधी त्या रोबोच्या मालकाला, म्हणजे यादीत त्याच्यापुढे नाव असलेल्या व्यक्तीला, कळवणं आयटीला बंधनकारक करा. चाचणी करून त्याने होकार दिला, तरच पुढे जायचं. शिवाय रोज एक बेरीज ताडून पाहा : आलेली बिलं म्हणजे नोंदवलेली अधिक बाजूला काढलेली. संख्याही जुळली पाहिजे, रक्कमही. एवढ्या साध्या तपासणीत फार काही सापडतं.

मोठी समिती नेमायची घाई करू नका. नुसता अहवाल डाउनलोड करणाऱ्या रोबोला एक पानी नोंद पुरते. पैसे हलवणाऱ्याला मात्र बदलाची लेखी मंजुरी आणि दर तिमाहीला अधिकारांची फेरतपासणी हवीच. नोकरी सोडणाऱ्याच्या कार्यमुक्ती फॉर्मवर ‘रोबो कुणाकडे सोपवले’ हा रकाना घालून घ्या.

यादीत काही बेवारस निघतीलच. त्यांतले अहवालवाले तारीख जाहीर करून थांबवा. ज्या विभागाचा फोन येईल, त्याच्याकडून मालकाचं नाव लिहून घ्या. कुणाचाच आला नाही, तर महिनाअखेर आणि तिमाहीअखेर उलटू द्या, मग रोबो त्याच्या लॉगिनसकट काढून टाका. पेमेंटला हात लावणाऱ्यांवर मात्र हा प्रयोग नको. तिथे विभागप्रमुखाची सही आधी घ्या.