खडा किडनीत, कारण गळ्यात

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. माझं वय ५६. विडी घरकुलला राहते, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. सहा वर्षांपूर्वी मुतखडा आपोआप पडला, दोन वर्षांपूर्वी दुसरा दुर्बिणीतून काढावा लागला. आता सोनोग्राफीत डाव्या बाजूला पुन्हा छोटा खडा दिसतो. या वेळी नवीन डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम ११.३ आलं, पुन्हा केलं तर ११.४ (लॅबची वरची मर्यादा १०.४). पीटीएच १४८ (मर्यादा ६५), व्हिटॅमिन डी १३, किडनीचं क्रिएटिनिन ०.८. ते म्हणाले, गळ्यात पॅराथायरॉईडची गाठ आहे, ऑपरेशन करावं लागेल. पण पुण्याला जाऊन स्कॅन केला तर त्यात काहीच दिसलं नाही. मुलगा म्हणतो, स्कॅन क्लीन आहे, तुला काही होतही नाही, मग कशाला कापून घेतेस? जाऊबाई म्हणतात, गळ्याच्या ऑपरेशननं आवाज जातो. आमच्या भजनी मंडळात चाल मीच म्हणते. आवाज गेला तर माझ्याकडे राहिलं काय? खड्याच्या भीतीनं दूध, ताक, शेंगाचटणी सगळं बंद केलंय. काय करू?
– एक भगिनी, सोलापूर

उत्तर : ताई, सगळे आकडे लिहून पाठवलेत, त्यामुळे मला नेमकं बोलता येतंय. तुमच्या जागी माझी सख्खी बहीण असती तर मी तिला ऑपरेशन करून घे असंच सांगितलं असतं. उद्याच्या उद्या नव्हे. पण करून घे.

मुलाचं म्हणणं मायेचं आहे, मात्र ‘तुला काही होत नाही’ हे खरं नाही. पुन्हा पुन्हा खडे होताहेत, हेच होतंय. आजवर खडा एकदा पडला, एकदा काढला गेला, पण तो का होतो हे कुणी रक्तात शोधलं नाही. तुमच्या नवीन डॉक्टरांनी शोधलं, त्यांचे मनापासून आभार माना. वारंवार खडे होणाऱ्या प्रत्येकाचं कॅल्शियम एकदा तरी तपासलं जावं, असं मला कळकळीनं वाटतं. साधी, स्वस्त तपासणी आहे.

थायरॉईडच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्यापासून मसुराएवढ्या, साधारणपणे चार पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. त्या पीटीएच नावाचं संप्रेरक सोडतात. रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की पीटीएच वाढतं, हाडांतून कॅल्शियम रक्तात आणतं, किडनीला ते धरून ठेवायला लावतं. कॅल्शियम पुरेसं झालं की पीटीएच खाली यायला हवं. तुमच्यात कॅल्शियम ११.४ असताना पीटीएच १४८ आहे. म्हणजे एखादी ग्रंथी कुणाचं न ऐकता काम करते आहे. शंभरातल्या ८० ते ८५ जणांत असा दोष एकाच ग्रंथीत असतो, आणि ती गाठ बहुतेक वेळा साधी असते. कॅन्सर शंभरात एकापेक्षाही कमी. पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या बायकांत हा आजार सगळ्यात जास्त आढळतो.

आता स्कॅनबद्दल. तो आजार आहे की नाही हे ठरवण्यासाठी नसतो. आजार रक्तावरून ठरतो, आणि तुमचा ठरल्यासारखाच आहे. स्कॅन सर्जनला वाट दाखवण्यासाठी असतो. गाठ लहान असली किंवा एकाहून जास्त ग्रंथी वाढल्या असल्या तर स्कॅनमध्ये काहीच दिसत नाही, असं अनेकदा घडतं. अशा वेळी अनुभवी माणसाकडून मानेची सोनोग्राफी पुन्हा करतात, किंवा ४डी सीटी नावाचा खास सीटी स्कॅन करतात. तरीही नाही दिसली, तर चारही ग्रंथी बघण्याची तयारी असलेला सर्जन लागतो. चार्ल्स मार्टेल नावाचा एक अमेरिकन जहाजाचा कप्तान होता. हाडं झिजून त्याची उंचीसुद्धा कमी झाली होती. त्याच्या गळ्यावर एकामागून एक ऑपरेशनं झाली, गाठ काही सापडेना. १९३२ मध्ये सातव्या ऑपरेशनला ती छातीत सापडली. या ग्रंथी कधीकधी आपली नेहमीची जागा सोडून असतात. तेव्हा स्कॅन नव्हते, आज आहेत. पण शोधणारा हात जाणता असावा लागतो, ही गोष्ट काही बदललेली नाही.

म्हणून तुमचा खरा निर्णय ऑपरेशन करायचं की नाही यापेक्षा कुणाकडून करायचं हा आहे. सोलापुरात थायरॉईडची ऑपरेशनं करणारे चांगले सर्जन आहेत, पण पॅराथायरॉईडचं काम वेगळं आहे. भेटाल तेव्हा संकोच न करता विचारा : वर्षाला पॅराथायरॉईडची किती ऑपरेशनं करता? गाठ काढल्यावर टेबलावरच पीटीएच तपासायची सोय आहे का? पीटीएच रक्तातून काही मिनिटांत ओसरतं, त्यामुळे गाठ काढल्यावर दहा मिनिटांत ते निम्म्याहून खाली आलं तर योग्य ग्रंथी निघाली असं बहुधा समजता येतं. आणि गाठ सापडली नाही तर पुढे काय? या प्रश्नांवर चिडणारा डॉक्टर सोडून द्या. पुण्याला जावं लागलं तरी जा. आपल्याकडची माणसं एका लग्नासाठी हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परततात, हे तर तुमच्या गळ्याचं काम आहे. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून घ्या.

आवाजाची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. स्वरयंत्राची नस या ग्रंथींच्या अगदी जवळून जाते. अनुभवी हातात कायमचा आवाज बसण्याचा धोका साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी. काही दिवस किंवा काही आठवडे घोगरेपणा राहणं त्याहून जास्त जणांना होतं, आणि तो बहुतेकांचा जातो. याशिवाय एक बारीक नस आहे, तिला इजा झाली तर बोलताना फरक कळत नाही, पण वरच्या पट्टीत गाताना आवाज चढत नाही. गाणाऱ्या माणसाला हे आधी माहीत असायला हवं. म्हणून सर्जनला पहिल्याच भेटीत सांगा, ‘मी गाते, चाल मीच म्हणते.’ ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दुर्बिणीतून स्वरयंत्र बघायला सांगा. आषाढी तोंडावर असेल तर तारीख पुढची घ्या. महिना-दीड महिना इकडेतिकडे झाल्यानं तुमचं नुकसान होणार नाही. जाऊबाईंनी कुणाचा तरी आवाज गेलेला पाहिला असेल, त्या खोटं बोलत नाहीत. पण त्या एका माणसावरून तुमचा धोका मोजता येत नाही.

ऑपरेशनआधी काय राहिलंय? चोवीस तासांची लघवी गोळा करून तिच्यातलं कॅल्शियम. काही घराण्यांत जन्मापासूनच रक्तातलं कॅल्शियम किंचित जास्त असतं आणि लघवीतून फार कमी जातं. त्यांना ऑपरेशनचा उपयोग होत नाही. तुम्हाला खडे होतात म्हणजे तसं असण्याची शक्यता कमी, तरी खात्री हवी. दुसरं, हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन, आणि तो कंबर व खुब्याबरोबर मनगटाजवळच्या हाडाचाही. या आजारात ते हाड आधी झिजतं आणि नेमकं तेच मोजायचं राहून जातं. तिसरं व्हिटॅमिन डी. १३ म्हणजे कमी आहे. ते भरून काढलं की ऑपरेशननंतर कॅल्शियम एकदम कोसळण्याचा धोका कमी होतो. पण ते हळूहळू, डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मध्ये कॅल्शियम तपासत. शेजारणीकडून ६०,००० युनिटची पुडी आणून सुरू करू नका. गुडघ्यासाठी कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर आजच डॉक्टरांशी बोला.

ऑपरेशन न करता गोळ्यांवर भागेल का, असं मुलगा विचारेलच. सिनाकॅल्सेट नावाची गोळी रक्तातलं कॅल्शियम खाली आणते, हाडांची झीज भरून काढत नाही. अ‍ॅलेंड्रोनेटनं हाडांची घनता सुधारते, कॅल्शियम तसंच राहतं. गाठ काढल्यावर मात्र शंभरातल्या ९५ हून जास्त जणांचा आजार बरा होतो, हाडं भरू लागतात, नवे खडे होण्याचं प्रमाण उतरतं. डावीकडचा खडा आहे तो राहील, त्याचा वेगळा विचार करावा लागेल. थकवा, विसरभोळेपणा, मनाचं जडपण हे काहींचं खूप सुधारतं, काहींचं नाही, त्यामुळे तसं वचन मी देत नाही. नंतरच्या काही दिवसांत ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर लगेच कळवायचं. कॅल्शियम देऊन ते आटोक्यात येतं.

दूध, ताक आजपासून सुरू करा. जेवणातलं कॅल्शियम तोडलं की पीटीएच आणखी वाढायला निमित्त मिळतं, आणि खडाही टळत नाही. शेंगाचटणी भाकरीबरोबर बेताची खा. पाणी मात्र भरपूर, दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं. सोलापूरच्या उन्हाळ्यात मशीनवर बसणाऱ्या बायका लघवीला जावं लागू नये म्हणून घोटभर पाण्यावर दिवस काढतात, कारण धड संडास नसतो. हे मी रोज ऐकते आणि दर वेळी मन जळतं. मालकाकडे स्वच्छ संडास मागणं हा तुमच्या किडनीचा उपचार आहे, चारजणी मिळून मागा.

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे, बायपास झालेले. कॅल्शियम १०.७ (मर्यादा १०.४), पीटीएच ८१. व्हिटॅमिन डी आणि किडनी ठीक, खडा नाही, हाडांची घनता थोडी कमी, पण हाडं ठिसूळ नाहीत. त्यांचंही ऑपरेशन करावं का?
– एक मुलगी, बार्शी

उत्तर : आत्ता नको. ऑपरेशन सुचवायला जी कारणं लागतात, म्हणजे कॅल्शियम मर्यादेच्या एक अंकाहून वर, वय ५० च्या आत, हाडं ठिसूळ किंवा मणक्याचं फ्रॅक्चर, किडनी मंदावलेली, खडा किंवा लघवीतून खूप कॅल्शियम जाणं, त्यांतलं एकही तुमच्या पत्रात नाही. फक्त लघवीतलं कॅल्शियम तपासलेलं दिसत नाही, तेवढं करून घ्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ऑपरेशन न केलेल्या रुग्णांना १५ वर्षांपर्यंत पाहिलं. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार पुढे सरकला, बाकीचे स्थिर राहिले. म्हणून वर्षाला कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, एक-दोन वर्षांनी डेक्सा. जुलाब-उलट्या झाल्या, तहान फार वाढली किंवा ते गोंधळल्यासारखं बोलू लागले तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पाणी कमी पडलं की कॅल्शियम झपाट्यानं चढतं.

आणि आज घरी गेल्यावर त्यांच्या बीपीच्या गोळीचं पाकीट बघा. त्यावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलेलं असेल, तर त्या औषधानंही कॅल्शियम वाढतं. गोळी आपल्या मनानं थांबवू नका. हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बदलून घ्या, आणि सुमारे तीन महिन्यांनी कॅल्शियम आणि पीटीएच एकाच दिवशी पुन्हा करा. ते रिपोर्ट मला पाठवा.