तिला कॅमेरा हवाय की नाही, हे कुणी विचारलं?

प्रश्न : माझी मुलगी १७ वर्षांची आहे. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या एका मावशींवर ती माहितीपट करते आहे. मी तिला महागडा कॅमेरा घेऊन दिला, शूटिंगला स्वतः सोबत जातो. तरी शॉट सिनेमासारखे दिसत नाहीत. स्लो मोशन घे म्हटलं तर टाळते. मी मावशींना कांदा पुन्हा टाकायला सांगितलं की चिडते. घरी आल्यावर हेडफोन लावून नुसते आवाज ऐकत बसते. सहा महिन्यांत फिल्म महोत्सवात निवडली गेली नाही तर हा नाद बंद, असं बजावलं आहे. सिनेमॅटोग्राफर होण्यासाठी तिने काय करावं?

उत्तर : तुमच्या पत्रात ‘मी’ जागोजागी आहे, मुलीचं स्वतःचं म्हणणं मात्र एकही नाही. सिनेमॅटोग्राफर व्हायचंय, हे ती म्हणाली की तुम्ही ठरवलंत? कॅमेरा तुम्ही घेतला, शॉट तुम्ही सांगता, मुदतही तुमचीच. मग तिच्याकडे उरलं काय? हेडफोन. आणि नेमका त्याचाच तुम्हाला राग येतो.

चिडते त्यात तिचं काही चुकत नाही. कढईत एकदा परतलेला कांदा पुन्हा कच्चा होत नाही. दुसऱ्यांदा टाकलात की मावशींचा हात कॅमेऱ्यासाठी चालू लागतो, आणि माहितीपटात हा फरक लगेच दिसतो. तो क्षण हुकला तर पुढच्या खेपेला वाट बघायची, एवढा धीर तुमच्या मुलीकडे आहे. या क्षेत्रात तो दुर्मीळ आहे.

आता तुमचा गैरसमज. सिनेमासारखं म्हणजे स्लो मोशन आणि मागचं सगळं धूसर, असं तुम्ही धरून चाललात. वाफ उठून दिसते ती प्रकाश मागून येत असेल आणि पाठीमागे अंधार असेल तेव्हा. खिडकीच्या उजेडात साध्या कॅमेऱ्यावरही हे जमतं. समोरून दिवा मारला तर महागड्या कॅमेऱ्यातही वाफ जवळजवळ नाहीशी होते. पार्श्वभूमी फार धूसर करायला गेलात तर सुरीचं टोक फोकसमध्ये राहतं आणि बोटं निसटतात. स्लो मोशनचं सांगायचं तर, सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेऊन सेकंदाला २५ने दाखवल्या की दृश्य चौपट संथ होतं, पण त्या क्षणाचा खरा आवाज त्याच्यासोबत चालत नाही. तो वेगळा जोडावा लागतो. तुमची मुलगी स्लो मोशन का टाळते, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं.

कारण ती स्वयंपाक ऐकते आहे. तेलात पडलेल्या कांद्यातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं तेव्हा चर्र आवाज येतो, पाणी आटत जातं तसा तो मंदावतो. मुरलेली स्वयंपाकीण मान वळवून दुसरं काम करत असली तरी कानाने कढई सांभाळते. हे पकडणारी माणसं चित्रपटात लागतात आणि त्यांचं काम कॅमेऱ्याइतकंच अवघड असतं: लोकेशन साउंड (शूटिंगच्या जागीच आवाज टिपणं), फॉली (पावलं, भांडी असे आवाज नंतर स्टुडिओत करून घेणं), साउंड डिझाइन (फिल्मचे सगळे आवाज ठरवणं, रचणं), मिक्सिंग (त्यांचा मेळ बसवणं). म्हणून सिनेमॅटोग्राफीचा मार्ग मी सांगत नाही. ध्वनीकडे बघा.

प्रवेशाचं थोडक्यात : अनेक चित्रपट संस्थांत ध्वनी हा स्वतंत्र विभाग असतो, काही ठिकाणी आधी पदवी लागते, परीक्षेचे नियम त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर बघा.

तोवर खर्च करायचाच असेल तर एक बरा माइक आणि वेगळा रेकॉर्डर घ्या, पण कोणता ते तिला ठरवू द्या. पुढच्या वेळी तिने पंखा आणि फ्रिज बंद करायला सांगितलं, किंवा स्वयंपाक थांबल्यावर रिकाम्या खोलीचा मिनिटभर आवाज घेतला, तर वेळ वाया घालवते म्हणून ओरडू नका. संकलनात दोन तुकडे जोडताना त्याच आवाजाने सांधा झाकला जातो.

खरं तर पुढच्या शूटिंगला तुम्ही जाऊच नका. मावशींच्या घरी सोडायला-आणायला दुसरं कुणी मोठं माणूस जाऊ दे. आणि ती सहा महिन्यांची अट काढून टाका. पहिलाच माहितीपट महोत्सवात निवडला गेला नाही, यावरून १७ वर्षांच्या मुलीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. अट काढल्याचं तिला आजच, स्पष्ट शब्दांत सांगा.