टाकी फुल्ल केली की पेट्रोल गळते

प्रश्न : माझी 1998 ची मारुती 800 आहे. टाकी फुल्ल केली की वास येतो, खाली थेंब पडतात. अर्ध्यावर आली की बंद. टाकीच बदलावी का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : घाई नको. फुल्ल असतानाच गळत असेल तर दोष बहुधा वरच्या भागात असतो: पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी पाइप, हवेची बारीक नळी किंवा फ्लोटचे (टाकीतल्या पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या तरंगाचे) गॅसकेट, म्हणजे जोडातले सील. पाइप वाकवून पाहा. भेगा दिसल्या तर क्लिपांसकट नवा घाला. नाना पेठेत मिळेल, पण पेट्रोलचाच मागा. पाण्याचा पाइप फुगून मऊ पडतो. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात जुने रबर आणखी लवकर जाते.

थेंब कायम पडू लागले तर मात्र तळ किंवा जोड गंजला समजा. छिद्रावर साबणाची वडी घासणे गॅरेज गाठण्यापुरते ठीक. एपॉक्सी (छिद्र बुजवायचा, वाळून कडक होणारा चिकट लेप) लावायचे तर टाकी रिकामी करून, गंज घासून, कोरड्या पत्र्यावर. ओल्यावर ते धरत नाही. ‘रिकामीच आहे’ म्हणून कुणी थेट वेल्डिंग करू लागला तर थांबवा, आत उरलेल्या वाफेचाच स्फोट होतो. पत्र्याची चाळण झाली असेल तर टाकी बदला. तोवर गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये लावू नका.