ट्रायकलर बीचच्या पानांची गुलाबी कड करपते आहे, झाड जगेल का?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत घराच्या पश्चिमेला, ड्राइव्हवेला लागून गेल्या वर्षी ट्रायकलर बीच, म्हणजे जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या पानांचं बीचचं झाड, लावलं आणि जुलैत पानांची गुलाबी कड तपकिरी, कुरकुरीत झाली. झाड एवढ्यानं मरत नाही. जागा मात्र चुकली आहे.

माझ्याकडे, इथेच न्यू जर्सीत, हे झाड नऊ वर्षं आहे. पानाच्या मधल्या जांभळ्या भागात हरितद्रव्य असतं, गुलाबी-पांढऱ्या कडेत ते फार थोडं. त्यात पाणी कडेला सगळ्यांत शेवटी पोचतं. वरून दुपारचं ऊन आणि खालून डांबराची धग, म्हणजे ती करपणारच. करपलेली कड पुन्हा रंगत नाही. माझं झाड पूर्वेला, एका मोठ्या ओकच्या विरळ सावलीत आहे. सकाळचं ऊन भरपूर, दुपारी झाकलेलं. मेमधली त्याची कोवळी पालवी बघायला मी चहा घेऊन बाहेरच जातो.

तुमचं झाड अजून लहान आहे, हलवता येईल. मार्चमध्ये, त्या लांब टोकदार कळ्या फुटायच्या आत, मुळांभोवतीच्या मातीच्या गड्ड्यासकट उचला. आणि कृपा करून खोल पुरू नका! माझं पहिलं झाड त्यानंच गेलं. लावणाऱ्यानं बुंधा चार इंच मातीखाली घातला, मीही पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी शेंडा वाळला, तेव्हा बोटांनी उकरून पाहिलं, तर खालची साल काळी, ओली, नखानं सुटत होती. बुंधा पसरून मुळं सुरू होतात ती जागा जमिनीवर दिसलीच पाहिजे. मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन, दोन-तीन इंच, बुंध्यापासून लांब. मुळं उथळ असतात, म्हणून पावसानं ओढ दिली की आठवड्यातून एकदा सावकाश, खोलवर पाणी द्या.

आणखी एक, हे आजच करा. पान उजेडासमोर धरा. दोन शिरांच्या मधल्या जागेत गडद पट्टे दिसले, तर ते ऊन नव्हे, बीच लीफ डिसीज, म्हणजे बीचच्या पानांचा रोग. 2012 मध्ये ओहायोत पहिल्यांदा आढळलेला हा रोग आता आपल्याकडेही आहे. कळीत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींमुळे तो होतो. पट्टे दिसले तर हलवाहलव थांबवा आणि आधी आर्बोरिस्टला, म्हणजे झाडांच्या तज्ज्ञाला, बोलवा. फक्त कडाच वाळल्या असतील, तर मार्चपर्यंत पाणी सांभाळा. मधेच एखादी फांदी नुसत्या जांभळ्या पानांची फुटली तर ती जिथून फुटली तिथूनच छाटा, कारण ती जोमानं वाढून रंगीत फांद्यांना मागे टाकते.